वार झाल्यावर काय? निओहची मारामारी आणि दमाचं गणित

(कोल्हापुरात सुट्टीतल्या एका व्याख्यानमालेत केलेलं बोलणं. टेपवरून उतरवून थोडं साफसूफ केलंय.)

मागं येतोय का आवाज? हां. मला सांगितलं होतं की पालकांनाही कळेल असा विषय घ्या, आणि मी विषय दिला व्हिडिओ गेममधली मारामारी, त्यामुळं पहिल्या रांगेतले काका मघापासून माझ्याकडं कसं बघतायत ते मला दिसतंय. काका, अर्धा तास द्या फक्त. नाही पटलं तर बाहेर चहा आहेच.

गेमचं नाव निओह. जपानी आहे, कोएई टेक्मोच्या टीम निंजा स्टुडिओनं केलेला, फेब्रुवारी २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पीसीवर. पण याची पहिली घोषणा झाली होती २००४ मध्ये, सिनेदिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या एका अपुऱ्या राहिलेल्या पटकथेवरून गेम करणार म्हणून, मग मधली बारा-तेरा वर्षं नुस्तं पाडायचं आणि परत बांधायचं, आपल्याकडं एखाद्या पुलाचं होतं तसं. नायक विल्यम. हा खऱ्या विल्यम अॅडम्सवरून घेतलाय, १६०० साली डच जहाजातून जपानला पोचलेला इंग्रज खलाशी. गोष्टीत मी फार शिरत नाही, गोष्ट गोंधळाचीच आहे, लोक निओह खेळतात ते मारामारीसाठी.

नावाबद्दल मात्र सांगतो, कारण पुढं ते लागणार आहे. निओ म्हणजे जपानी बौद्ध देवळांच्या दारातले दोन राखणदार. आपल्याकडं द्वारपाल असतात ना, तसेच, आणि मुळात ते वज्रपाणीचंच रूप, म्हणजे आपल्याच बाजूनं चालत गेलेले. नारा गावात तोदाइजी म्हणून देऊळ आहे, त्याच्या महाद्वारात (आपल्या महाद्वार रोडची आठवण आली ना, मलाही आली) १२०३ सालचे लाकडी निओ उभे आहेत, आठ मीटरच्या वर उंच. त्यातल्या एकाचं तोंड उघडं आणि दुसऱ्याचं मिटलेलं. उघडं तोंड ‘अ’ म्हणतं आणि मिटलेलं ‘हूं’, संस्कृतातलेच आवाज. जपानी लोक त्याचाच अर्थ श्वास सोडणं आणि श्वास घेणं असाही लावतात. आणि अख्ख्या गेमची मारामारी उभी आहे ती श्वासावर.

स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या असतात. एक जीव, ती सगळ्यांना कळते. दुसरी ‘की’. इंग्रजीत लोक स्टॅमिना म्हणतात, मला विचाराल तर कोल्हापुरात त्याला एकच शब्द आहे, दम. तालमीत पैलवानाला विचारतात ना, दम किती हाय, ते. वार केला की दम जातो, उडी मारून बाजूला झालात की जातो, शत्रूचा घाव अडवला तरी जातो. आणि दम पार संपलेला असताना घाव अडवायला गेलात की विल्यम वाकून धापा टाकायला लागतो, हलता येत नाही, आणि समोरचा निवांत येऊन मारतो. माझे पहिल्या महिन्यातले निम्मे मृत्यू असेच. जीवाची पट्टी भरलेली, दम शून्य.

नवा माणूस काय करतो? चौकोनाचं बटण दाबत सुटतो. चौकोन हलका वार, त्रिकोण जोराचा. चार वार, पाच वार, सहावा वार बसला की दम संपला, आणि शत्रू तर अजून उभाच. मग म्हणायचं गेम अन्याय करतोय. मीही म्हटलंय, आणि जे शब्द वापरलेत ते इथं सांगता येणार नाहीत.

आता खरी किल्ली. वार केल्यावर विल्यमच्या अंगाभोवती निळे कण उठतात आणि आत आत जमायला लागतात. ते जमत आल्यावर कंट्रोलरवरचं आर-वन नावाचं बटण दाबायचं. बरोब्बर वेळेला दाबलं तर खर्चलेला दम जवळजवळ सगळा परत. लवकर दाबलं तर थोडाच मिळतो, उशीर केला तर हातचं गेलं, मग पट्टी आपली आपण हळूहळू भरायची वाट बघा. याला इंग्रजीत की पल्स म्हणतात. जपानी आवृत्तीत मात्र याच गोष्टीचं नाव आहे झानशिन. हा शब्द गेमवाल्यांनी काढलेला नाही, तो केंडोतला, म्हणजे जपानी तलवारबाजीतला, आणि धनुर्विद्येतला जुना शब्द आहे, शब्दशः ‘उरलेलं मन’. वार झाला तरी चित्त तिथंच जागं ठेवायचं, शरीर परत तयार करायचं. केंडोत घाव नीट बसला तरी झानशिन नसेल तर पॉइंट धरत नाहीत, आणि पॉइंट मिळाल्यावर कुणी मूठ उंचावून नाचला तर दिलेला पॉइंट काढून घेता येतो. आपल्या क्रिकेटवाल्यांचं कसं व्हायचं तिथं, बघा.

मला हे वाचून कळलं, पण पटलं ते दांडपट्ट्यामुळं. मी सातवी-आठवीत दोन वर्षं मर्दानी खेळ शिकायला जायचो, पुढं दहावी आली आणि सुटलं ते सुटलंच. दांडपट्टा ज्यांनी हातात घेतलाय त्यांना माहितीय, पोलादी खोबणीत हात कोपरापर्यंत अडकतो, मनगट वळतच नाही. त्यामुळं सगळा वार खांदा आणि कंबरेतनं काढावा लागतो, आणि पातं एकदा सुटलं की त्याच्या वजनानं ते तुम्हाला ओढून नेतं. लिंबू कापायचा खेळ तुम्ही दसऱ्याला, शिवजयंतीला बघितला असणार. सगळे टाळ्या वाजवतात लिंबाचे दोन तुकडे झाले की. आमचे वस्ताद लिंबाकडं बघायचेच नाहीत. ते बघायचे कापल्यावर पोरगं पवित्र्यात परत आलं का नाही. नाही आलं की काठी पिंडरीवर. मी म्हणायचो वस्ताद लिंबू तर कापलं की, तर ते म्हणायचे, लिंबू काय परत मारणार हाय व्हय तुला?

पवित्रा हा शब्दही घ्या इथं. निओहमध्ये तीन पवित्रे. वरचा, मधला, खालचा, जपानीत जोदान, चुदान, गेदान. वरच्यात शस्त्र डोक्यावर, घाव जबरी बसतो पण दम भसाभसा जातो. मधला बचावाला चांगला. खालचा चपळ, घाव बारीक पण निसटायला एक नंबर. आर-वन धरून त्रिकोण, चौकोन किंवा फुली दाबली की पवित्रा बदलतो. आता गंमत बघा, दम परत घेण्याचं बटणही आर-वन आणि पवित्रा बदलायचंही आर-वन. हे काय बटणं कमी पडली म्हणून केलेलं नाही. पल्स मारतानाच पवित्रा बदलला तर जास्तीचा दम मिळतो, त्या कौशल्याचं नाव फ्लक्स. म्हणजे वरच्यातनं एक घाव, पल्स घेत खालच्यात, दोन बारीक घाव, पल्स घेत मधल्यात, आणि शत्रूचा हात येईपर्यंत तुम्ही अडवायला तयार. हे जमलं की हाताला एक ताल लागतो, हलगीसारखा, आणि मग बघणाऱ्याला वाटतं हा किती बटणं दाबतोय, खरं तर दाबणं कमी झालेलं असतं.

आणखी एक. राक्षस लोक, योकाई, जमिनीवर काळपट धुरकट डबकी सोडतात. त्यात उभं राहिलं की तुमचा दम लवकर भरत नाही आणि त्यांचा मात्र भरतो. त्यात उभं राहून नीट पल्स मारली तर डबकं साफ. म्हणजे दम घेणं हाच तिथं हल्लाही आहे.

हे सगळं मला डोक्यानं कळलं होतं. हाताला कळायला ओनर्योकी लागला. सुरुवातीच्या बेटावरचा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू, धिप्पाड राक्षस, दोन्ही हातांना साखळ्या आणि साखळ्यांना लोखंडी गोळे. त्याच्यापुढं मी ४१ वेळा मेलो. आकडा माझा नाही, आईचा आहे. आमच्या हॉलमध्ये टीव्ही आणि टीव्हीसमोर आईची मेथी निवडायची जागा, त्यामुळं माझ्या सगळ्या पराभवांना साक्षीदार ती. सुरुवातीला म्हणायची बंद कर ते, डोकं उठतंय. मग एका रविवारी मी असाच मेलो आणि ती जुडीतनं मान न काढता म्हणाली, “आरं, त्यो मारायच्या आधी खांदा मागं नेतोय की. तुला दिसत न्हाई व्हय?”

मी म्हटलं, “आई, मी गोळ्याकडं बघतोय ना.”

“गोळा काय आपला आपण हलतोय व्हय रं? खांद्याकडं बघ.”

परत खेळलो, खांद्याकडं बघितलं. खरंच, गोळा सुटायच्या आधी तो खांदा आणि धड मागं नेतो, चांगलं ठळक. तिला दिसलं कारण तिच्या हातात बटणं नव्हती.

याला हिशेब आहे. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, एक चित्र म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. माणसाला काहीतरी दिसून बोट हलायला लागतात साधारण २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे १२ ते १५ चित्रं निघून जातात. घाव सुटल्यावर बघून चुकवायला जाल तर तोवर तो तुमच्या अंगावर आलेला असतो. म्हणून बनवणाऱ्यांनीच प्रत्येक घावाआधी तयारी ठेवलेली असते, खांदा, पाय, कधी ओरडणं. ती वाचायची. कुस्तीत पैलवान हातापेक्षा समोरच्याच्या कंबरेकडं का बघतो, तेच. खासबागेत बसून जे कुस्त्या बघतात त्यांना हे मी सांगायला नको.

तरीही मी मरतच होतो. खांदा दिसतोय, मी दाबतोय, आणि उडी उशिरा. आठवडाभर स्वतःला म्हातारा समजलो, वयानं हात जड झाले वगैरे. मग भाचा सुट्टीला आला, त्यानं एकदा खेळून बघितलं आणि म्हणाला, “मामा, तुझ्या टीव्हीत गेम मोड बंद आहे.” टीव्ही चित्र गुळगुळीत करायला प्रत्येक चित्रावर काम करत बसतो आणि तेवढा वेळ उशिरा दाखवतो, सिनेमाला चालतं, इथं चालत नाही. मोड चालू केला. मी काय लगेच तरुण झालो नाही, पण त्या रात्री चौथ्या डावाला ओनर्योकी पडला. त्याचा दम संपून तो झुकला तेव्हा मी आधीसारखं वेड्यासारखं मारत सुटलो नाही, तीन घाव, पल्स, तीन घाव, पल्स. आई झोपली होती. सकाळी सांगितलं तर म्हणाली, मग आता ते बंद करणार का?

थोडं टीकेचंही बोलतो. शत्रू मेला की शस्त्रं-चिलखतांचा पाऊस पडतो, आणि ते निवडत बसण्यात माझी निम्मी संध्याकाळ जाते, जुन्या बाजारात गेल्यासारखं. माझा नियम असा की वजनावर लक्ष ठेवायचं आणि बाकी सोडून द्यायचं. उचलायच्या ताकदीच्या ७० टक्क्यांच्या वर अंगावर घातलंत की उड्या जड होतात आणि दमही जास्त जातो, मग कितीही भारी चिलखत असू दे. बनवणारे ऐकणारे आहेत पण. २०१६ मध्ये त्यांनी गेम तयार व्हायच्या आधीच लोकांना खेळायला दिला होता, त्यात शस्त्रं झिजून मोडायची, लोक ओरडले, त्यांनी ती भानगड काढून टाकली.

आणि ते स्लॉथचं. शत्रूला संथ करणारा एक मंतरलेला कागद मिळतो, चिकटवला की बॉस पाण्यात चालल्यासारखा हलतो. काही लोक म्हणतात ही लबाडी. मला नाही वाटत. गेमनं दिलंय, वापरा. फक्त शिकायचं असेल तर निदान पहिले वीस डाव तरी वापरू नका, कारण संथ शत्रूचा ताल हातात बसला की खरा शत्रू परका वाटतो.

हां, विचारा. शस्त्र कुठलं घ्यावं? तलवार. सगळे भाला घ्या म्हणतील, लांबनं मारता येतं म्हणून, आणि खरंय ते, पण तलवारीचे वार मध्यम लांबीचे आहेत, पल्सची वेळ कानाला लवकर बसते. साखळी-कोयता, कुसारिगामा, दिसायला भारी आहे, मी तीन महिने त्यात घालवले, नका घालवू. सरावासाठी गेममध्येच डोजो आहे, तिथं जाऊन नुस्तं एक घाव-एक पल्स, एक घाव-एक पल्स, पन्नास वेळा. कंटाळवाणं आहे. जोर-बैठकाही कंटाळवाण्याच असतात.

काका, तुम्ही गेला नाहीत चहाला, आभारी आहे.

आता बोलणं पुरे, गेम चालू करून ठेवलाय. मागच्या रांगेतली निळ्या ड्रेसमधली, तू मघापासून बोटं हलवतीयस बघ, ये पुढं. हा कंट्रोलर. तलवार आहे, मधला पवित्रा आहे, समोर एकच साधा सैनिक. आणि हे बघ, हा हॉलचा प्रोजेक्टर आहे, याला गेम मोड नाही, चित्र उशिरा येणार, तेव्हा निळे कण जमताना दिसायच्या जरा आधीच आर-वन दाब.