टोपली उलटी करण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका कोपऱ्यात बसलेल्या कचऱ्याच्या टोपलीविषयी. विंडोजवर तिला रिसायकल बिन म्हणतात, अॅपलच्या मॅकवर ट्रॅश. डिस्क भरल्याचा निरोप आला की बहुतेकांचा हात आधी तिच्याकडेच जातो. राइट क्लिक, ‘एम्प्टी’, ‘येस’, झालं काम. माझं म्हणणं असं, की हे ‘एम्प्टी’ शक्यतो दाबूच नये. टोपलीतून काय जायचं आणि काय ठेवायचं, हे एकेक बघून ठरवता येतं.

आपल्याकडे एक कॉम्प्युटर एकाच माणसाचा, असं घराबाहेर क्वचितच दिसतं. देवस्थानची कचेरी घ्या, भजनी मंडळ घ्या, गावातलं वाचनालय घ्या. मशीन एक आणि हात लावणारे पाच. कोणी सप्ताहातल्या रात्रीचे व्हिडिओ मोबाईलमधून उतरवून ठेवलेले असतात, कोणी वर्गणीचा हिशेब. कोणी जमिनीचा एक-चौदाचा उतारा स्कॅन करतो, प्रिंट काढतो आणि काम झालं म्हणून फाईल डिलीट मारून जातो. सगळे एकाच नावाने लॉगिन करतात, म्हणून सगळ्यांचा कचरा एकाच टोपलीत. तिथे ‘एम्प्टी’ दाबणारा दुसऱ्याचा उताराही फेकून देत असतो, आणि दुसऱ्याला ते कळतं पंचायतीत कागद मागितल्यावर. खरं तर प्रत्येकाला वेगळं खातं करून दिलं, तर विंडोज टोपलीही प्रत्येकाची वेगळी ठेवतं. पण हे करतो कोण!

आता विंडोजवर निवडायचं कसं? टोपली उघडा आणि ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘डिटेल्स’ निवडा. चित्रांच्या जागी ओळी दिसू लागतील आणि वर रकाने: फाईलचं नाव, मूळ जागा, डिलीट केल्याची तारीख, साइझ. नावावर फार विसंबू नका. स्कॅनर प्रत्येक कागदाला ‘स्कॅन एक’, ‘स्कॅन दोन’ असलीच नावं देतो, आणि व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोच्या नावात तारीख नि एक नंबर, याखेरीज काही नसतं. त्यातला देवळाच्या कळसाचा कुठला आणि ‘शुभ सकाळ’चा कुठला, नावावरून कसा ओळखणार? शिवाय टोपलीतल्या फाईलवर डबल क्लिक केलं तर ती उघडत नाही, नुसती तिची माहिती समोर येते. अशा वेळी उपयोगी पडतो तो मूळ जागेचा रकाना. त्यावर एकदा क्लिक केलं की एका फोल्डरमधून आलेल्या फाईली एकाखाली एक लागतात. ‘डाउनलोड्स’मधून आलेलं बहुतेक निर्धास्त जाऊ द्या. ‘डॉक्युमेंट्स’मधून आलेलं काही दिसलं, की जरा थांबा.

मग साइझच्या रकान्यावर क्लिक करा आणि मोठ्या फाईली वर आणा. जागा खातात ते व्हिडिओ. त्यातले दोन-चार नको असलेले काढले तरी डिस्क मोकळी होते. हिशेबाच्या शंभर फाईली मिळूनही एका व्हिडिओइतकी जागा घेत नाहीत, त्या पुसून काय मिळणार? कंट्रोल दाबून धरून हव्या तेवढ्या ओळींवर क्लिक करा, आणि डिलीट. फक्त तेवढ्याच जातात. शंका असलेली फाईल ‘रिस्टोअर’ करा, ती जिथून आली तिथे परत जाते. उघडून बघा आणि मग ठरवा. अख्खं फोल्डर टोपलीत असेल तर विंडोजवर त्यातली एकच फाईल उचलता येत नाही. आधी सगळं फोल्डर परत न्यायचं, मगच निवड.

मॅक वापरणाऱ्यांना एक गंमत सांगतो. १९८४ साली पहिला मॅकिंटॉश आला तेव्हापासून त्यावर ट्रॅश आहे, विंडोजवर रिसायकल बिन आला १९९५ मध्ये. म्हणजे टोपलीत मॅक पुढे. पण तिच्यातली एकच फाईल निवडून कायमची काढायची सोय मॅकने दिली थेट २०१५ मध्ये, ‘डिलीट इमिजिएटली’ या नावाने. तोवर तिथे साधा मार्ग एकच, सगळी टोपली उलटी करा. इतकी हुशार मंडळी, आणि एवढ्याशा गोष्टीला तीस वर्षं!

लिनक्सवाल्यांसाठी दोन वाक्यं. तिथे ट्रॅशच्या आत दोन फोल्डर असतात. एकात फाईल, दुसऱ्यात ती कुठून आली आणि कधी टाकली याची चिठ्ठी. हाताने पुसायला गेलात तर दोन्हीकडची पुसा, नाहीतर मालक नसलेल्या चिठ्ठ्या साचत राहतात. त्यापेक्षा फाईल मॅनेजरमधून काढलेलं बरं.

काही गोष्टी टोपलीत येतच नाहीत, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. विंडोजवर शिफ्ट दाबून डिलीट केलं की फाईल टोपलीला वळसा घालून जाते. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलंही थेट जातं. मॅक आणि लिनक्सवर याच्या उलट: पेनड्राइव्हवरच एक लपलेली टोपली तयार होते. म्हणून कधी कधी पेनड्राइव्ह उघडला तर रिकामा दिसतो, आणि फाईल टाकायला गेलं तर जागा नाही म्हणतो. तो लावलेला असतानाच ट्रॅश उघडा, त्यातल्या फाईली तिथे सापडतील. आणि विंडोजच्या टोपलीला मापही असतं. ती भरली की सगळ्यात जुन्या फाईली आपोआप बाहेर पडतात. तेव्हा टोपलीत आहे म्हणजे कायम आहे, असं समजू नये.

तरीही चुकून काही कायमचं गेलंच, तर? जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये फाईलचा मजकूर लगेच पुसला जात नाही, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो तिथेच असतो. म्हणून त्या क्षणी मशीन वापरणं थांबवा, नवीन काही उतरवू नका आणि जाणकाराला दाखवा. नव्या एसएसडीमध्ये, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कमध्ये, ही आशा फारशी धरता येत नाही, मोकळी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

राहिला मोबाईल. तिथे निवड करायला मुदत असते. जीमेलच्या ट्रॅशमधली मेल ३० दिवसांनी जाते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. चवथीला काढलेले, गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीचे फोटो घाईत डिलीट केले असतील, तर दिवाळी उलटून फार दिवस जायच्या आत त्यातले हवे ते काढून घ्या.

नमस्कार.