भल्याचा हिशेब कोण तपासतं?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, पत्रिकेत विषय छापला आहे ‘समाजहित आणि परतावा : गुंतवणुकीची ओळख’. आयोजकांनी पाऊण तास दिला आहे. आपले पैसे कुठे, कसे गुंतवता येतील हे मी सांगणार आहेच. पण आधी मला लोणीला जायचं आहे, अहिल्यानगर (आधीचं अहमदनगर) जिल्ह्यात, प्रवरा नदीकाठी. ते सांगितल्याशिवाय पुढचं काहीही सांगण्यात अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी नावाचं उरकून घेतो. २००७ साली इटलीत, कोमो सरोवराकाठच्या बेलाजिओ या गावी रॉकफेलर फाउंडेशनने एक बैठक भरवली आणि तिथे ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ हे नाव रूढ झालं. कल्पना अशी, की पैसा अशा उद्योगात घालायचा जिथे लोकांचं किंवा निसर्गाचं भलं व्हावं हा हेतू आधीच जाहीर केलेला असेल, ते भलं मोजता येईल आणि मुद्दल काही नफ्यासह परत येईल. म्हणजे हे दान नव्हे. आणि ‘नफा झाला की बघू समाजाचं’ असंही नव्हे. आज जगभरात या प्रकारात दीड लाख कोटी डॉलरहून जास्त पैसा आहे असा या क्षेत्रातल्या संस्थांचा अंदाज आहे. परिषदा होतात, अहवाल निघतात. चांगलंच आहे.

पण आपल्याकडे हे काम या नावाच्या किती तरी आधी झालं आहे, आणि ते कुठे साधलं, कुठे फसलं हे आपल्याला आतून माहीत आहे. ही शिदोरी आपण जगाला दाखवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर लोणी. ऊस तोडला की तो थांबत नाही. तासागणिक त्यातली साखर उतरते, वजन घटतं. म्हणून ज्याच्या हातात चरक, त्याच्या हातात शेतकरी. गूळ करावा तर पीक चांगलं आलं की भाव पडणार आणि आडत्याकडची उचल डोक्यावर राहणार. खाजगी साखर कारखाने होते, पण त्यांचे मालक मुंबईचे. लोणीचेच शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली गावात पतपेढी काढली होती, त्यामुळे गावातला पैसा गावातच फिरला तर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं होतं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्यांना येऊन मिळाले. तेव्हाच्या मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहतांनी पाठबळ दिलं. शेतकऱ्यांचा स्वतःचा प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. अर्थशास्त्राचा प्राध्यापक साखर कारखान्याचा अध्यक्ष! आज आपल्याला हे नवल वाटतं, पण तेव्हा ते अगदी स्वाभाविक होतं.

इथे मला तुमचं सगळं लक्ष हवं आहे, कारण माझा मुद्दा यातच आहे. भागभांडवल शेतकऱ्यांचं. विखे पाटील गावोगाव फिरून शेअर गोळा करत होते आणि देणारा माणूस कर्जबाजारी होता. उरलेला पैसा कर्जाने आला. त्यात १९४८ साली स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज होतं. आता परतावा बघा. आपण परतावा म्हटलं की लाभांश शोधतो. सहकारात लाभांशाला कायद्यानेच लगाम आहे, महाराष्ट्रात १५ टक्क्यांचा. मग शेतकऱ्याला काय मिळालं? त्याला परतावा मिळाला तो उसाच्या दरातून. शेअर घेतला म्हणून ऊस गाळला जाण्याची हमी आली, आणि कारखान्याला जे उरलं ते दराच्या रूपाने त्याच्या घरी गेलं. भलं आणि परतावा एकाच पावतीवर आले! दहा शेअरवाल्यालाही एकच मत आणि एका शेअरवाल्यालाही एकच. म्हणजे ज्याचं भलं व्हायचं, तोच मालक आणि तोच तपासनीस. दर कमी मिळाला तर त्याला अहवाल वाचावा लागत नव्हता, घरातच कळत होतं.

पुढे त्याच भागात शाळा आल्या, महाविद्यालयं आली, रुग्णालय आलं. हे पाहून राज्यभर कारखाने निघाले.

मग बिघडलं कुठे? मी आयुष्यभर सहकारी संस्थांचे हिशेब तपासले आहेत, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे असं मी मानतो. उसाच्या बिलातून ठेवी कापायची पद्धत पडली. परतीच्या ठेवी, बिनपरतीच्या ठेवी, आणखी कसकसले निधी. हेतू चांगले होते. त्या पैशातून संस्था उभ्या राहिल्या. पण त्या संस्था बऱ्याच ठिकाणी वेगळ्या विश्वस्त मंडळांच्या झाल्या आणि ज्याच्या बिलातून पैसा कापला, त्याचा त्यावरचा हक्क संपला. दुसरीकडे कर्जांना राज्य सरकारची थकहमी मिळायला लागली. कर्ज बुडालं तर सरकार भरणार, मग संचालकाने जपून का वागावं? आणि कर्ज देणाऱ्या बँकेने तरी बारकाईने का बघावं? किती तरी कारखाने आजारी पडले, लिलावात निघाले आणि खाजगी मालकांच्या हाती गेले. ज्या सभासदाच्या बापाने शेअर घेतला होता, तो आता त्याच गेटवर नुसता ऊस घालणारा झाला. मी अशा एका कारखान्याच्या वार्षिक सभेला हजर होतो. अहवाल मंजूर, मंजूर, मंजूर, आणि सभा चहा थंड व्हायच्या आत संपली. शेवटच्या रांगेतले एक म्हातारबाबा उठून विचारत होते, ‘माझ्या बिनपरतीच्या ठेवीचं काय झालं?’ त्यांच्या हातात माईक कुणी दिला नाही. तो प्रश्न मी अजून सोबत घेऊन हिंडतो आहे. आज इथे आलो आहे तोही त्याचमुळे.

(आयोजकांकडे पाहून) हो, मला घड्याळ दिसतं आहे. पण म्हसवड राहून कसं चालेल?

सातारा जिल्ह्यातला माण तालुका, दुष्काळी. तिथे म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांनी बायकांसाठी सहकारी बँक काढायचं ठरवलं. त्या सांगतात ती हकिकत अशी : पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत केला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, कागदावर अंगठे होते. बायका खचल्या नाहीत, शिकायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही मुद्दलाचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय सांगू दे. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. (टाळ्या) टाळ्या वाजवा, अवश्य वाजवा. पण हेही ध्यानात घ्या की त्या बायका नुसत्या कर्जदार नव्हत्या, त्यांनी भागभांडवल घातलं होतं.

याच्या उलट बाजूचं उदाहरण घेऊ. आंध्रात सूक्ष्मकर्जाचं काम झपाट्याने वाढलं. गरीब बाईला तारण न घेता कर्ज मिळावं, हेतू उत्तम. त्यातल्या एसकेएस मायक्रोफायनान्स या कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये बाजारात शेअर आणले आणि सुमारे १,६५० कोटी रुपये उभे केले. गुंतवणूकदारांच्या उड्या पडल्या. ऑक्टोबरमध्ये आंध्र सरकारला वटहुकूम काढावा लागला, कारण एकाच बाईला तीन-चार संस्थांची कर्जं आणि दारात वसुलीची माणसं, आत्महत्यांच्या बातम्या. त्यानंतर परतफेडच थांबली आणि सगळा धंदा हादरला. किती बायकांना कर्ज दिलं हा आकडा दर तिमाहीला वाढत होता. त्या बाईचं पुढे काय झालं, हे मात्र शेअरधारकाला कुणी सांगत नव्हतं आणि तिला स्वतःला मत नव्हतं.

आता दहा मिनिटं उरली आहेत अशी चिठ्ठी आली आहे. तेव्हा पत्रिकेत जे छापलं आहे ते भराभर सांगतो.

पहिली गोष्ट, बाजारात जे ‘शाश्वत’ किंवा ‘ईएसजी’ (म्हणजे पर्यावरण, समाज आणि चांगला कारभार पाहून केलेली गुंतवणूक) नावाने विकलं जातं ते तपासा. माझ्याच बँकेच्या शाखेत मला असा एक फंड आग्रहाने सुचवला गेला. मी विचारलं, यात कोणत्या कंपन्या आहेत? सांगता आलं नाही. यादी काढून पाहिली तर वरच्या नावांमध्ये त्याच मोठ्या बँका आणि त्याच संगणक कंपन्या, ज्या माझ्याकडच्या साध्या फंडात आधीच होत्या. यात फसवणूक नाही. वाईट धंदे गाळून उरलेल्यात गुंतवायचं, हा एक रास्त मार्ग आहे. पण तुम्ही बाजारातून जुना शेअर घेता तेव्हा तुमचा पैसा कंपनीकडे जात नाही, तो विकणाऱ्याकडे जातो. तुमच्या पैशाने एकही नवी विहीर खोदली जात नाही. आपला पैसा नव्याने कुणाच्या हातात पडतो आहे, हे प्रत्येक वेळी विचारा.

दुसरं, हिरव्या ठेवी. रिझर्व्ह बँकेने १ जून २०२३ पासून व्यापारी बँका आणि ठेवी घेणाऱ्या वित्त कंपन्यांसाठी यांची चौकट लागू केली आहे. त्या ठेवीचा पैसा सौरऊर्जा, सांडपाणी प्रक्रिया अशा ठरलेल्या कामांनाच द्यावा लागतो आणि तो तिथेच गेला याची बाहेरच्या संस्थेकडून दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. बँकेतली ठेव असेल तर नेहमीसारखं पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. वित्त कंपनीतल्या ठेवीला ते नाही, एवढं विसरू नका. सुरुवात करायची असेल तर माझ्या मते इथून करा.

तिसरं, महापालिकांचे रोखे, म्हणजे महापालिकेने बाजारातून व्याजाने घेतलेलं कर्ज. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उभे केले. कल्पना सुंदर आहे. गावाचा पैसा, गावाचं पाणी. पण त्याच वर्षी निविदा रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या आणि व्याज मात्र चालू झालं होतं. तेव्हा पैसा कधी उभा राहतो याबरोबर काम कधी उभं राहतं तेही पाहा.

चौथं, सोशल स्टॉक एक्स्चेंज, म्हणजे सामाजिक संस्थांना पैसा उभा करता यावा म्हणून शेअर बाजारातच केलेला वेगळा विभाग. २०१९च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे नियम २०२२ मध्ये आले आणि डिसेंबर २०२३ मध्ये उन्नती फाउंडेशन या सामाजिक संस्थेने तिथे रोख्यांची पहिली विक्री केली. तिथल्या रोख्याला व्याज शून्य आणि मुद्दलही शून्य. (हशा) हसलात, पण ते मुद्दाम तसं केलेलं आहे. हे दानच आहे, फक्त संस्थेला आपल्या कामाचा अहवाल बाजाराच्या शिस्तीत द्यावा लागतो. आधी दोन लाखांची अट होती, आता हजार रुपयांपासून भाग घेता येतो. परतावा हवा असेल तर हे तुमच्यासाठी नाही. पण दान करणारच असाल तर अहवाल मागणारं दान करा.

सामाजिक उद्योगांत थेट भांडवल घालणारे फंड आहेत, पण तिथे साधारण एक कोटीपासून प्रवेश. आपल्यातल्या बहुतेकांसाठी ते दार बंद आहे, म्हणून सोडून देतो.

परतावा कमी मिळतो का, असं खालून कुणी तरी विचारलं. काही ठिकाणी कमी, काही ठिकाणी बाजाराइतकाच. जो माणूस दोन्ही भरपूर देतो म्हणतो, त्याच्याकडून लेखी घ्या : भलं कुणाचं, मोजणार कोण, आणि नुकसान झालं तर आधी कुणाचं.

शेवटचा प्रश्न घेतो, मागच्या ताईंचा. ‘आमच्याकडे सहकारी बँकेचे थोडे शेअर आहेत, आम्ही काय करू शकतो?’ ताई, तुम्ही पुष्कळ करू शकता. सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते. अहवाल आधी मागून घ्या. बँकेने गेल्या वर्षी आपल्या तालुक्यात किती कर्ज दिलं, त्यातलं किती बायकांना, किती लहान धंद्यांना, हा प्रश्न लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. सभेला चौघीजणी मिळून जा, पुढच्या रांगेत बसा आणि माईक मागून घ्या.