जबल एल्बा: पाऊस अडवणारा डोंगर

(दृश्य: सोलापूरबाहेरचं माळरान. वारा सुटलाय, वर ढगांची नुसती ये-जा.)

आषाढात महाबळेश्वर धो-धो भिजत असतं, तेव्हा आपण सोलापूरकर आभाळाकडे डोळे लावून बसलेलो असतो. तिकडे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे जेमतेम साडेपाचशे. ढग सह्याद्रीवरच रिते होतात. म्हणून आपली सगळी भिस्त परतीच्या पावसावर. हस्त बरसला तर शाळू साधतो.

डोंगरापलीकडे राहणं काय असतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. आज डोंगराची अलीकडची, समुद्राकडची बाजू बघू. त्यासाठी जाऊया तांबड्या समुद्राच्या काठी.

(दृश्य: नकाशा. इजिप्तचा आग्नेय कोपरा, हलाईब.)

या मुलखावर इजिप्त आणि सुदान दोघंही हक्क सांगतात, ताबा इजिप्तचा. वर्षाकाठी ५० मिलिमीटरही पाऊस नाही. अशा रखरखाटात, किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत, जबल एल्बा उभा आहे. उंची १,४३५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून दोनेकशे मीटर कमीच.

जवळचा जबल शेंदिब तर १,९११ मीटरचा. तरी हिरवा आहे तो एल्बा! कारण त्याच्या ईशान्येला समुद्र मोकळा आहे, मधे अडसर नाही. दमट वारा सरळ उतारावर येऊन थडकतो, वर चढतो, गार होतो आणि धुकं, दव, कधी पाऊस होऊन तिथेच उतरतो. माथ्याकडे हे पाणी वर्षाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातं, असा अंदाज आहे. शेंदिब पडला आतल्या अंगाला. त्याच्यापर्यंत पोचते ती ओल गमावलेली हवा. त्याची गत मला फार ओळखीची वाटते.

(दृश्य: एल्बाचा उत्तर उतार.)

उत्तरेकडच्या कोरड्या ओढ्यांत बाभळींची दाटी. समुद्रकाठी तिवरं. या परिसरात वनस्पतींच्या साडेचारशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्यात. बिशारी लोक इथेच शेळ्या-उंट चारतात. १९८६ पासून हा संरक्षित प्रदेश आहे.

वरच्या उतारांवर ड्रॅगनवृक्ष दिसतात, उघडलेल्या छत्रीसारखे. ही जात आता धोक्यात आहे. खालची बरीच झाडं वठली. धडधाकट उरलीत ती मुख्यतः उंचावर, धुक्याच्या पट्ट्यात. हा पट्टा आणखी वर सरकला तर झाडांनी जायचं कुठे? माथ्याच्या वर डोंगरच नाही.