राम आळीत सत्तर

(दृश्य: रत्नागिरी, सकाळ. राम आळीत दुकानांची शटर वर जात आहेत. टेम्पोतून खोकी उतरत आहेत.)

ही राम आळी. इथे गाडी घातली की पहिला गिअर, फार तर दुसरा. आता कागद बघू. केंद्र सरकारने २०१८ साली अधिसूचना काढली. नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यावर मोटारीला कमाल वेग ताशी ७० किलोमीटर, दुचाकीला ६०, रिक्षाला ५०. म्हणजे वेगळा फलक नसेल, तर राम आळीतही मर्यादा सत्तरचीच. हाकून दाखवा!

अर्थात राम आळीची काळजी नाही. तिथे गर्दीच ब्रेक लावते. काळजी आहे ती मोकळ्या सापडणाऱ्या रस्त्यांची. हातखंब्याला महामार्ग सोडून, कुवारबावमार्गे, साळवी स्टॉपवरून चालक शहरात शिरतो. तासभर ऐंशीने आलेल्या माणसाला साठ म्हणजे हळूच वाटतं. रस्त्याकडेला उभ्या असलेल्याला विचारा.

(दृश्य: वाडीतला उतार. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं.)

आतल्या रस्त्यांवर तर चालकाला समोरचं दिसतच नाही. गडगा थेट डांबराला टेकलेला. बेडं, म्हणजे आवाराचं फाटक, ओलांडलं की पुढचं पाऊल रस्त्यावर. पाखाडीच्या पायऱ्या उतरून शाळेची पोरं धावत येतात, तीही रस्त्यावरच. फूटपाथ नाही. गटारावर लाद्या आहेत, पण त्यातली एखादी डुगडुगते, म्हणून म्हातारी माणसं त्यांवरून चालत नाहीत.

अशा ठिकाणी मूल समोर आलं, तर ताशी तीसने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. पन्नासची गाडी नुसत्या एका सेकंदात १४ मीटर पुढे जाते. तेवढ्यात चालकाचा पाय जेमतेम ब्रेकवर पोचलेला असतो. म्हणजे जिथे पहिली गाडी थांबते, तिथे दुसरी जवळजवळ पूर्ण वेगाने आदळते. हे झालं कोरड्या रस्त्याचं. जून लागल्यावर आपल्याकडे कोरडा रस्ता कुठला?

मर्यादा ठरवायची इंजिनियर लोकांची एक जुनी रीत आहे. रस्त्यावरच्या गाड्यांचे वेग मोजायचे आणि शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात, तो आकडा धरायचा. महामार्गाला ठीक आहे. आळीत मात्र यात एक गोची आहे. मोजणीत फक्त गाडीतली माणसं येतात, गडग्याला चिकटून चालणारी आजी कुठेच येत नाही.

(दृश्य: पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ, मधे काळा आकडा.)

आकडा खाली आणायला दिल्ली गाठायची गरज नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ११२. राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्याची मर्यादा कमी करू शकतो. राजपत्रात अधिसूचना काढायची आणि फलक लावायचे. त्याच कलमात एक सोय आहे, ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. मर्यादा एक महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल, तर अधिसूचनाही लागत नाही.

एक महिना! आपल्याकडे गणपतीला चाकरमानी येतात, गाड्या रस्त्यात मावत नाहीत. आळ्यांमध्ये तीसची मर्यादा लावून बघायच्या प्रयोगाला याहून चांगला मुहूर्त कोणता? ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ साली हेच केलं. निवासी रस्ते ३०, मोठे रस्ते ५०, आणि तेही आधी प्रयोग म्हणून. नंतर ती मर्यादा कायम झाली.

नुसत्या पाटीने सगळे ऐकतील असं नाही. मोटारीला दंड १,००० ते २,००० रुपये आहे, पण हवालदाराच्या नजरेच्या अंदाजावर तो टिकत नाही. कायद्याला वेग मोजणारं यंत्र लागतं. तेव्हा यंत्र आधी आणावं. गणपतीच्या आधी आठवडाभर या आळ्यांमधले वेग मोजून ठेवावेत आणि मगच तीसच्या पाट्या ठोकाव्यात. नाहीतर महिन्यानंतर फरक पडला की नाही, यावर नाक्यावर नुसते वाद होतील.