रिकामे दुकान आणि महागडी पर्स

मंडळी, मेटाव्हर्स हा शब्द १९९२ साली एका अमेरिकी लेखकाच्या विज्ञान कादंबरीतून आला आणि जवळजवळ तीस वर्षे संगणकवाल्यांच्या वर्तुळातच राहिला. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक कंपनीने स्वतःचे नाव बदलून ‘मेटा’ असे ठेवले, आणि तो शब्द एकदम कंपन्यांच्या मार्केटिंग विभागांत जाऊन बसला. व्याख्येच्या फार खोलात मी शिरत नाही. अनेक माणसे एकाच वेळी ज्यात वावरू शकतात, आपण बाहेर पडलो तरी जे चालूच राहते आणि जिथे आपल्या वतीने आपला ‘अवतार’ हिंडतो, असे त्रिमिती आभासी जग, एवढे आजच्या कामापुरते पुरे. (अवतार हा शब्द मूळचा आपलाच, परदेशी जाऊन नवा अर्थ घेऊन तो माहेरी आला आहे.) त्यासाठी डोळ्यांवर हेडसेट चढवावाच लागतो असेही नाही, रोब्लॉक्स किंवा फोर्टनाइट या ऑनलाइन खेळांच्या जगांत साध्या मोबाइलवरूनही शिरता येते.

ब्रँडसाठी या जगात काय आहे, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. सेकंड लाइफ नावाचे असेच एक जग २००३ साली सुरू झाले. २००६ मध्ये अमेरिकन अपॅरल या कपड्यांच्या कंपनीने तिथे दुकान थाटले, आणि रॉयटर्स या वृत्तसंस्थेने तर तिथे आपला वार्ताहर नेमला. पुढच्याच वर्षी ते दुकान बंद झाले. माझ्या मते, कंपनीने रस्त्यावरचे दुकान उचलून जसेच्या तसे तिथे नेऊन ठेवले, इथेच गणित चुकले. जिथले रहिवासी हवेत उडतात, स्वतःचे कपडे स्वतः घडवतात आणि एकमेकांना विकतात, तिथे साधा टी-शर्ट विकायला गेलेल्या दुकानाकडे कोण फिरकणार? जत्रेत पाळणा, रेवड्या, बांगड्या यांच्याभोवती गर्दी होते. तिथे कुणी सोफासेटची शोरूम उघडत नाही.

याच्या उलट गुचीचे उदाहरण पाहा. मे २०२१ मध्ये या इटालियन फॅशन कंपनीने फ्लॉरेन्समधील आपल्या प्रदर्शनाला जोडून रोब्लॉक्सवर दोन आठवड्यांची एक बाग उघडली. आत शिरताच तुमच्या अवताराचे रूप पुसले जाऊन त्याचा कोरा पुतळा होई. मग दालनादालनांतून हिंडताना तिथले रंग आणि नक्षी त्याच्या अंगावर चढत जाई, आणि शेवटी प्रत्येक जण वेगळाच दिसून बाहेर पडे. म्हणजे इथे पाहुण्याला काहीतरी घडत असल्याचा अनुभव होता, नुसती मांडणी नव्हती. तिथे डायोनिसस ही पर्स ४७५ रोबक्सला (रोबक्स हे रोब्लॉक्सचे स्वतःचे चलन), म्हणजे पाच-सहा डॉलरला मिळत असे, तीही ठरावीक वेळेतच. पुढे खेळणाऱ्यांच्या आपसातल्या बाजारात ती एकदा साडेतीन लाख रोबक्सला गेली. त्या वेळच्या दराने ही रक्कम चार हजार डॉलरच्या वर होते, खऱ्या चामड्याच्या पर्सपेक्षाही जास्त! एका सौद्यावरून बाजाराचा अंदाज बांधू नये, हे खरेच. पण अवताराच्या खांद्यावर काय लटकते आहे, याला तिथल्या समाजात मोल आहे, एवढे त्यातून दिसले.

तरीही ती पर्स रोब्लॉक्सच्या बाहेर नेता येत नाही, हे लक्षात ठेवा. जमीन दुसऱ्याची, नियम दुसऱ्याचे, आणि मालक कधी गाशा गुंडाळील याचा नेम नाही. खुद्द मेटाच्या आभासी जगाचे काम पाहणाऱ्या विभागाने २०२३ या एका वर्षात १६ अब्ज डॉलरहून अधिक तोटा दाखवला. नायकेने डिसेंबर २०२१ मध्ये आभासी बूट बनवणारी आरटीएफकेटी ही कंपनी विकत घेतली, आणि तीन वर्षांनी तीच आवरती घेत असल्याचे जाहीर केले.

ज्यांना या जगात जायचेच नाही, त्यांनाही हात झटकता येत नाहीत. एका कलाकाराने ‘मेटाबर्किन्स’ नावाने आभासी पर्सची चित्रे विकली, तेव्हा ‘बर्किन’ ही खरी पर्स बनवणाऱ्या हर्मेस या फ्रेंच कंपनीने न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्यूरीने कलास्वातंत्र्याचा बचाव न मानता १ लाख ३३ हजार डॉलरची भरपाई ठरवली. आपल्या वकिलाला एकदा विचारून घ्या, तुमच्या ट्रेडमार्कच्या नोंदणीत आभासी वस्तू येतात का.

शेवटचा मुद्दा मुलांचा, आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो, कारण या जगांतील गर्दी मोठ्या प्रमाणात त्यांचीच आहे. रोब्लॉक्सने २०२३ मध्ये तेरा वर्षांखालील मुलांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली. आपल्याकडे त्याच वर्षीच्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल मानला आहे, आणि त्याच्यावर रोखलेल्या जाहिरातींना मज्जाव आहे. मासिकात जाहिरातीभोवती चौकट असते, दूरचित्रवाणीवर कार्यक्रम थांबून जाहिरात लागते. पण जिथे अख्खी बाग, तिची दालने आणि मुलाच्या अवताराच्या अंगावरची नक्षी हीच जाहिरात आहे, तिथे ती चौकट नेमकी कुठे आखायची, हे कंपनीच्या बैठकीत बाग बांधण्याआधी ठरले पाहिजे.