न पाहिलेला पूर

श्रोतेहो, नमस्कार.

बोलायला लागण्याआधी दहा शब्द वाचून दाखवते. लिहून घेऊ नका, नुसते ऐका. उशी... गादी... पांघरूण... जांभई... स्वप्न... रात्र... पाळणा... अंगाई... डुलकी... घोरणं. झालं. त्यांच्याकडे मी नंतर परत येणार आहे.

मला पानशेतचा पूर आठवतो. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आमचा वाडा शनिवार पेठेत. मी माडीच्या कठड्याशी उभी आहे. खाली चौकात चहाच्या रंगाचं पाणी. त्यात आमचं पितळी घंगाळ गिरक्या घेत फिरतंय आणि दर फेरीला जिन्याच्या लाकडावर आपटून टण्ण वाजतंय. आजीने माझं मनगट इतकं घट्ट धरलंय की बांगडी रुततेय.

सगळं कसं लख्ख! अडचण एवढीच, की माझा जन्म डिसेंबर १९६१ चा.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना वजाबाकी येत नाही का? येते. शिकवायचेही. पण जन्मतारीख एका कप्प्यात होती आणि पूर दुसऱ्या. दोन्ही शेजारी ठेवून बघायची वेळच आली नव्हती. वर्गात मी हा प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला म्हणून रंगवून सांगत असे. मी बत्तीस वर्षांची झाले त्या आठवड्यात मुलींनी फळ्यावर खडूने केक काढला होता, आणि नेमका त्याच आठवड्यात मी पूर सांगितला. पाचवीतली एक मुलगी उठली नि म्हणाली, "बाई, पण मग तुम्ही तर जन्मलाच नव्हतात."

संध्याकाळी आईला विचारलं. ती गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, पोटात होतीस माझ्या. चौथा महिना."

मग मी एकेक धागा उसवत गेले. घंगाळ आजीच्या गोष्टीतलं, ती दर जुलैत सांगायची. चहाच्या रंगाचं पाणी मी पाहिलं ते पुढे केव्हातरी, धरणातून पाणी सोडलं तेव्हा, ओंकारेश्वरापाशी. पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ काकांनी जिन्याशेजारच्या भिंतीवर तैलरंगाने ओढून ठेवली होती. लहानपणी तिला हात लावल्याशिवाय मी जिना चढत नसे. आणि मनगट? आजी रस्ता ओलांडताना तसंच धरायची. तुकडे सगळे खरे होते. शिवण माझी.

ही खोटी आठवण म्हणजे थाप नव्हे. थाप मारणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं, मला नव्हतं.

अशा आठवणींचा अभ्यास झालाय, आणि त्यातला एक मला फार आवडतो. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अटलांटाच्या एमरी विद्यापीठात उलरिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा कुठे होता, कोणी सांगितली, काय करत होता. १०६ कागद जमले. अडीचेक वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. चौथाई लोकांची उत्तरं पहिल्या कागदाशी एकाही मुद्द्यावर जुळेनात. वर्गात बातमी ऐकलेला माणूस आता ती खोलीवर टीव्हीसमोर बसून बघत होता, आणि तेही छातीठोकपणे. पुढे त्यांना त्यांचेच जुने कागद दाखवले. वाटलं होतं, ते पाहून मूळची आठवण वर येईल. कोणालाही आली नाही. हो, अक्षर माझंच, पण घडलं ते मी आत्ता सांगतोय तसंच, असं म्हणणारेही त्यांत निघाले!

तुमच्या घरी जुन्या डायऱ्या असतील, तर हा खेळ जरा जपून करा.

दुसरी गोष्ट हॉलंडची. ४ ऑक्टोबर १९९२ ला एक मालवाहू विमान अॅमस्टरडॅमच्या बेलमरमेर भागातल्या उंच इमारतींवर कोसळलं. दहा महिन्यांनी लोकांना विचारलं, विमान इमारतीवर आदळतानाचं चित्रण तुम्ही टीव्हीवर पाहिलंत का? १९३ पैकी १०७ जण हो म्हणाले. असं चित्रण कोणी केलेलंच नव्हतं. नंतरची आग दिसली होती, वर्णनं ऐकली होती, मधला क्षण ज्याने त्याने आपल्या मनात चित्रित केला. माझ्या घंगाळासारखाच.

इथपर्यंत ठीक. चूक एकट्याची असेल तर माणूस निमूट मान्य करतो. पण तीच चूक हजारोंना सापडली की गंमत सुरू होते. २००९ च्या सुमाराला फिओना ब्रूम या अमेरिकन बाईंना आढळलं की नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच वारले असं त्यांना पक्कं आठवतं, आणि तसंच आठवणारे आणखीही पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात मंडेला ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले, त्याच वर्षी भारताने त्यांना भारतरत्न दिलं, १९९४ ला ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि ५ डिसेंबर २०१३ ला वारले. ब्रूमबाईंच्या त्या आठवणीवरून या प्रकाराला 'मंडेला इफेक्ट' म्हणतात. आणि त्यातल्या काहींचं म्हणणं असं, की चूक आमची नाही, जगच बदललंय. आपण एका विश्वातून दुसऱ्यात सरकलो. कोणी त्याचं खापर जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या अणुकणांच्या प्रयोगशाळेतल्या महायंत्रावरही फोडतात.

आपल्याकडचं उदाहरण हवं? 'अरे ओ सांभा, कितने आदमी थे?' नकला करणाऱ्याने हे म्हटलं की टाळी पडते. 'शोले' पुन्हा नीट पाहा. 'कितने आदमी थे' हा प्रश्न गब्बर कालियाला विचारतो. सांभाला तो विचारतो सरकारने किती इनाम ठेवलंय ते. १९७५ पासून आपण दोन वाक्यांची मोट बांधत आलोय, आणि सगळ्यांनी ती एकाच गाठीने बांधली, कारण सगळ्यांनी ती नकलाकारांकडून घेतली. हजार माणसं एकसारखी चुकतात याला दुसरं विश्व कशाला लागतं? मंडेलांचंही तसंच झालं असावं. त्यांच्याच देशातले, त्यांच्यासारखेच वर्णभेदाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको १९७७ मध्ये कोठडीत खरोखरच वारले होते. १९८८ मध्ये लंडनला मंडेलांच्या सत्तरीनिमित्त प्रचंड संगीतसभा झाली आणि ती देशोदेशी टीव्हीवर दिसली. तुरुंगातला माणूस, मोठं छायाचित्र, गाणारी गर्दी. अर्धवट लक्ष देणाऱ्याला ते श्रद्धांजलीचं वाटलं असेल तर नवल नाही.

मला एक मात्र कळत नाही. हे विश्व बदलतं ते नेहमी कडेकडेनेच कसं? एखाद्या कार्टूनची शेपटी, पुस्तकाच्या नावातलं एखादं अक्षर, 'मोनोपॉली' खेळातल्या माणसाचा एका डोळ्याचा चष्मा. कोणाच्या गृहकर्जाचा हप्ता एका रात्रीत कमी झालेला ऐकला नाही.

पण मी त्यांना हसणार नाही, कारण कठड्याशी मीही उभी राहिलेय. आठवण आतून बघताना तिच्यावर 'ऐकीव' असा शिक्का नसतो. डोळ्यांनी पाहिलेलं आणि आजीकडून ऐकलेलं, दोन्ही त्याच उजेडात दिसतं. अशा वेळी 'माझं चुकलं' म्हणण्यापेक्षा 'जग बदललं' म्हणणं सोपं जातं, विशेषतः सोबतीला हजार जण असताना.

तर, सुरुवातीचे शब्द. 'पाळणा' होता? होता. 'जांभई'? होता. आणि 'झोप'? बऱ्याच जणांनी आत्ता मान डोलावली असेल. नव्हता तो. बाकीचे दहाही शब्द त्याच्याभोवतीचे होते, म्हणून तो ऐकल्यासारखा वाटला. रोडिगर आणि मॅकडरमॉट या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये अशाच याद्या वाचून दाखवल्या होत्या, आणि ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना न वाचलेला शब्द ऐकल्याचं स्पष्ट आठवतंय असं नक्की वाटलं. तुम्हाला रेडिओ मागे फिरवून बघता येत नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं.

आई आता सत्त्याऐंशीची आहे. परवा शेजारच्या सूनबाईला पुराची हकिगत सांगत होती. मी चहा घेऊन आले, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही केवढी घाबरली होती! माझा पदर सोडायला तयार नाही."

मी कप खाली ठेवला आणि विचारलं, "कुठलं लुगडं होतं गं?"

"हिरवं इरकली," ती म्हणाली. "ओलं झालं ते तुझ्यामुळेच."