कोमट वाटणारं गार पाणी

(दृश्य: जानेवारीतली सकाळ, नागपूरजवळची पाण्यानं भरलेली जुनी गिट्टी खदान)

हवा दहा अंश, पाणी साधारण वीस. हात बुडवला तर पाणी कोमट लागतं आणि फसगत इथंच होते. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं ओढून घेतं. अर्ध्या तासात बोटं जड होतात.

मालकाची परवानगी घेऊन स्कूबा क्लबचे डायव्हर इथं उतरतात, ते ५ मिलिमीटरचा वेटसूट, हूड, हातमोजे आणि बूट घालूनच. सूट अंगासरशी हवा. आत शिरलेलं पाणी अंगानं तापतं, तिथंच अडकतं, म्हणून ऊब टिकते. मानेशी सैल असला, की प्रत्येक हालचालीला गार पाणी आत-बाहेर करतं. मग ७ मिलिमीटरचा सूटही कामाचा नाही.

(दृश्य: सिलिंडरवरचा काटा)

आदल्या दिवशी २०० बार दाबानं हवा भरली होती, आज काटा १८० च्या आसपास. गळती नाही. भरताना चाळीस अंशांपर्यंत तापलेला सिलिंडर रात्रीत दहावर आला, तसा दाबही उतरला. हवेचा हिशेब सकाळच्या काट्यावरच करायचा.

वजनांकडे मात्र नीट लक्ष द्या. मालवण-तारकर्लीला शिकलेले डायव्हर समुद्राच्या सवयीनं शिसं बांधतात. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं. तोच सूट असेल, तर सामानासह १०० किलो भरणाऱ्यानं अडीच किलो कमी करावं. जाड सूट घातला की शिसं पुन्हा वाढतं. म्हणून अंदाज नकोच, काठाशी तपासा. तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट रिकामं, शरीर उभं, श्वास अर्धा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यावं, श्वास सोडल्यावर हळूहळू बुडावं. सिलिंडर भरलेला असेल तर यात दोन किलो वाढवा; ११ लिटरचा सिलिंडर रिकामा होताना तेवढा हलका होतो.

(दृश्य: पाण्याखाली, हिरवट अंधार)

दहा मीटरवर दाब जवळपास दुप्पट. सूटच्या रबरातले (निओप्रीनमधले) हवेचे बुडबुडे आवळतात, सूट पातळ होतो, ऊबही घटते. डायव्हर जड होतो, म्हणून जॅकेटमध्ये हवा भरतो. वर येताना हीच हवा फुगते. गारठलेल्या बोटांना ती सोडायचं बटण सापडलं नाही, तर माणूस बुचासारखा वर उसळतो. फुप्फुसांना याहून मोठा धोका नाही. दोन्ही हातांनी दंड चोळणं म्हणजे ‘गारठलो’. जोडीदाराची ही खूण दिसली, किंवा कुडकुडी सुरू झाली, की डायव्ह संपली. मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू वर या, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा.

तळाशी फ्रॉग किकच वापरा, म्हणजे बेडकासारखे पाय बाजूला मारा. गाळ उडाला की जोडीदार दिसत नाही.

(दृश्य: काठावर, वारा)

बाहेर येताच ओला सूट काढा, अंग कोरडं करा, लोकरी टोपी घाला, मग चहा. लगेच कढत पाण्यानं आंघोळ नको. कातडी एकदम तापली, की डायव्हमध्ये अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. डायव्हिंगमध्ये ३०० मीटरपासून पुढं उंचीचे नियम लागतात. खोली आणि वेळ मोजणारा डायव्ह कॉम्प्युटर त्याप्रमाणे लावलाय ना, ते उतरण्याआधी बघा. आणि त्याच दुपारी चिखलदऱ्याला गाडी काढू नका. तिथली उंची सुमारे १,१०० मीटर, हवेचा दाब कमी. अंगात उरलेला नायट्रोजन घाटात त्रास देऊ शकतो. तो बेत दुसऱ्या दिवसावर ठेवा.